एकोणचाळीस मिनिटं

माझगावात, गोदीच्या भिंतीला पाठ लावून
वडिलांचं दुकान होतं. पाटीवर:
का. वि. नवलकर. जहाजी घड्याळं दुरुस्त व तपासून मिळतील.
त्यातला 'तपासून' लाल रंगात.
दुरुस्ती कुणीही करेल, म्हणायचे,
तपासायला आकाश लागतं.

आकाश गच्चीवर होतं.
पत्र्याच्या खोपटात विटांचे दोन खांब,
त्यांवर आडवी दांडी, दांडीला हातभर दुर्बीण.
ती डावीकडे वळायची नाही, उजवीकडे वळायची नाही,
फक्त मान वर-खाली करायची,
सगळ्याला हो म्हणणाऱ्या माणसासारखी.
छपराला दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत एक फट.
पावसाळ्यात तिच्यावर ताडपत्री, आणि वडील चिडचिडे.

भिंगाआड पाच तंतू, कोळ्याच्या जाळ्यातले.
म्हणून आमच्याकडे जळमटं काढायला बंदी.
आई केरसुणी उचलायची, आढ्याकडे बघायची, ठेवून द्यायची.
शेजारच्या मिसेस रिबेलो तिला आळशी म्हणत.
आईनं कधी कारण सांगितलं नाही.

माझं काम लिहिण्याचं.
कंदिलाला लाल फडकं, मांडीवर वही.
चांदणी तंतूला टेकली की ते म्हणत, 'हां.'
मी सेकंद लिहायची.
हां. हां. तिसरा तंतू मधला,
तोच याम्योत्तर.
मला वाटायचं, तिथं ती क्षणभर तरी थांबेल,
पाहुणे उंबऱ्यावर थांबतात तशी.
नाही. त्याच चालीनं चौथ्याकडे.
चित्रा तशी गेली, मघा तशी गेली.
स्वाती तर मुंबईच्या जवळजवळ डोक्यावरून जाते.
तिच्यासाठी वडील फरशीवर उताणे झोपत
आणि त्यांचा 'हां' माझ्याहून लहान मुलाचा वाटे.

एकदा विचारलं, हा शब्द कुठला?
'याम्य म्हणजे दक्षिण, यमाची बाजू.
दुसरं टोक उत्तर.'
मी अकरा वर्षांची. मला वाटलं उत्तर म्हणजे
गणिताच्या पुस्तकात शेवटी असतं ते.

त्याच साली, पंचावन्नला,
शहराची उरलीसुरली घड्याळं पुढं केली.
मिर्झापूरजवळची कुठलीशी रेषा,
तिची दुपार झाली की आपलीही झाली.
वडिलांनी दुकानातलं घड्याळ पुढं केलं, धंदा होता.
गच्चीवरचं नाही.
'तिथून इथवर यायला सूर्याला एकोणचाळीस मिनिटं लागतात,
त्याला चालत येऊ दे.'

नंतर बोटींवर वेळ रेडिओतून यायला लागली.
लाल अक्षरं आधी उडाली, मग काळी.

ते गेले जे. जे.च्या वॉर्डात, मेच्या पंधरा तारखेला.
डॉक्टरांनी लिहिलं: दुपारी बारा वाजून दहा.
मी म्हटलं, दुपार खोडा. सकाळ लिहा.
सूर्य अजून रेषेवर आलेला नाही.
नर्सनं मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं,
कुणी बरोबर आहे का, विचारलं.

मी खाली अंगणात आले.
झेंड्याच्या खांबाची सावली वीतभर उरली होती.
मग चार बोटं. मग दोन.
रुग्णांचे नातेवाईक डबे घेऊन तिच्यावरून ये-जा करत होते.
बारा पस्तीसला ती खांबाच्या पायात शिरली
आणि अंगणात एक खांब असा उभा राहिला
ज्याचं कुणीच नव्हतं.

'हां,' मी म्हटलं.
मोठ्यानं म्हटलं असावं,
कारण स्ट्रेचर ढकलणारा पोऱ्या वळून बघायला लागला.

वही नव्हती जवळ.
दुसऱ्या बाजूनं सावली
निघालीसुद्धा होती.